सतत उड्या मारणारं, भिंतीला धडकणारं, सगळं तोंडात घालणारं मूल : खोड, गरज की खूण?

वस्तीतल्या कुठल्याही अंगणवाडीत सकाळी तासभर बसून पाहिलं, तर एक मूल हमखास नजरेत भरतं. बाकीची मुलं बडबडगीत म्हणत असतात आणि हे जागच्या जागी गोल गोल फिरत असतं. बाईंनी 'बस' म्हटलं की दोन मिनिटं बसतं. मग शर्टाची कॉलर चावू लागतं, भिंतीवर धाडकन अंग टाकतं, शेजारच्या मुलाला मिठी मारतं आणि ती इतकी घट्ट की ते रडायलाच लागतं. अशा मुलाबद्दल आपल्याकडे तीन मतं तयार असतात. आजी म्हणते, "वाढीला लागलंय, होईल शांत." शेजारी म्हणतात, "आईचा धाक नाही." आणि मोबाइलवर दोन व्हिडिओ पाहिलेला एखादा काका म्हणतो, "ऑटिझम असेल, लवकर दाखवा."

तिन्ही मतं मुलाला नीट न पाहता दिलेली असतात. आजीचं मत बऱ्याचदा खरं ठरतं, काकाचं कधीकधी. शेजाऱ्यांचं जवळजवळ कधीच नाही. पण ते मत सगळ्यांत जोरात बोललं जातं आणि मारही त्यामुळेच बसतो. म्हणून या विषयावर सविस्तर लिहावं असं आम्हाला वाटलं. आपले अनेक वाचक तरुण आई-बाप आहेत. अनेक कार्यकर्ते विहारात बालवर्ग घेतात, वस्तीत घरोघरी फिरतात. मुलाच्या वागण्याकडे कसं पाहायचं आणि कधी थांबून चौकशी करायची, हे त्यांना माहीत असलं तर एखाद्या मुलाची दोन-तीन वर्षं वाचू शकतात. तीन ते सहा या वयात दोन वर्षं म्हणजे फार मोठा काळ.

पाच इंद्रियांच्या पलीकडे

डोळे, कान, नाक, जीभ, त्वचा ही पाच इंद्रियं शाळेत शिकवतात. धम्माच्या अभ्यासात आपण मन धरून सहा आयतनं मोजतो, तो हिशोब वेगळा. बालविकासाचे अभ्यासक या पाचांत आणखी तीन जाणिवांची भर घालतात. पहिली तोलाची. तिचं यंत्र कानाच्या आत असतं आणि डोकं कुठे झुकलं, शरीर फिरतंय की थांबलंय, हे ते सांगतं. दुसरी स्नायू आणि सांध्यांची. डोळे मिटूनही आपला हात कुठे आहे, ग्लास उचलायला किती जोर लावायचा, हे या जाणिवेमुळे कळतं. तिसरी शरीराच्या आतली : भूक, तहान, लघवीची घाई, छातीतली धडधड.

या सगळ्या जाणिवा मेंदूपर्यंत जातात, तिथे त्यांची छाननी होते आणि मग मूल वागतं. ही छाननी प्रत्येकाची वेगळी असते. चहात एकाला अर्धा चमचा साखर पुरते, दुसऱ्याला तीन चमचे घालूनही चहा फिका लागतो. तसंच एखाद्या मुलाला झोक्याचे चार हेलकावे पुरतात आणि दुसऱ्याला चाळीस घेऊनही 'आणखी' हवे असतात. ज्याला जास्त लागतं ते मूल ती कमतरता स्वतःच भरून काढतं. उड्या मारतं, गिरक्या घेतं, सोफ्यावरून खाली अंग झोकून देतं, कपडे चावतं, भिंतीवर हात घासत चालतं, मोठ्याने एकच आवाज काढत राहतं. याला सेन्सरी सीकिंग म्हणतात, म्हणजे संवेदनांचा शोध.

याचा पाया अमेरिकेतल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट जीन एअर्स यांनी घातला. शिकण्यात अडचण येणाऱ्या मुलांवरचं त्यांचं पुस्तक १९७२ साली आलं. पुढे १९९७ मध्ये विनी डन यांनी मुलांच्या वागण्याचे चार ढोबळ प्रकार मांडले. काही मुलं संवेदना शोधत फिरतात. काहींना त्या कमीच पोचतात, पण ती शोधतही नाहीत, नुसती हरवल्यासारखी बसून राहतात. काहींना सगळंच जास्त टोचतं आणि काही त्यापासून पळ काढतात. चार खाने असले तरी मुलं त्यांत नीट बसत नाहीत. ढोल वाजला की कान झाकून टेबलाखाली शिरणारं मूल घरी आल्यावर गादीवर शंभर उड्या मारू शकतं. आवाज त्याला जास्त होतो आणि हालचाल कमी पडते, दोन्ही एकाच वेळी खरं असतं.

आधी जागा मोजा, मग मूल

तीन-चार वर्षांच्या मुलाने धावावं, चढावं, पडावं, पाण्यात हात घालावा, चिखल तुडवावा, हे वयच त्यासाठी असतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यानुसार तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात किमान १८० मिनिटं हालचाल हवी आणि त्यांतली ६० मिनिटं तरी दमवणारी हवीत. झोप १० ते १३ तास हवी. स्क्रीन एका तासापेक्षा जास्त नको, कमी असेल तर बरं.

आता हे तीन तास आपल्या घरांत कुठे बसवायचे? झोपडपट्टी पुनर्वसनातली खोली २२५ ते ३०० चौरस फुटांची. तीत पाच-सहा माणसं. खाली पार्किंग, बाहेर रस्ता, मैदानावर कुणाचा तरी मंडप. मूल दिवसभर पलंगावर आणि हातात मोबाइल. संध्याकाळी ते भिंतीवर चढू लागलं तर त्यात दोष शोधण्याआधी त्याचं दिवसभराचं वेळापत्रक पाहावं. मोबाइलमुळे ऑटिझम होतो, असं सरसकट सांगत फिरणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. पण मोबाइल मुलाची हालचाल खातो आणि त्याच्याशी होणारं बोलणंही खातो. या दोन्हींचा परिणाम वागण्यावर दिसतोच.

म्हणून पहिला प्रयोग घरातलाच. दोन-तीन आठवडे मुलाला रोज बाहेर काढायचं, जिन्यावर चढू-उतरू द्यायचं, दमवायचं. त्यानंतर गिरक्या आणि धडका कमी झाल्या, झोप सुधारली, तर उत्तर मिळालं. न बोलणारं मूल, किंवा पुढे सांगितलेली कुठलीही ठळक खूण असेल, तर मात्र हा प्रयोग करत थांबू नये. तपासणी आणि खेळ दोन्ही एकदमच सुरू करावं.

चावणं, चघळणं, माती खाणं

या एका सवयीवर आम्ही जरा जास्त थांबणार आहोत, कारण आपल्या वस्त्यांमध्ये ती फार दिसते आणि तिच्याकडे दुर्लक्षही फार होतं.

बाळ सगळं तोंडात घालतं, ते त्याचं जग ओळखण्याचं साधन. दोन-तीन वर्षांपर्यंत हे हळूहळू कमी होतं. त्यानंतरही मूल कॉलर, पेन्सिलचं टोक, दप्तराचा पट्टा चघळत असेल, तर ते बऱ्याचदा स्वतःला शांत करत असतं. जबड्यावर जोर पडला की त्याला बरं वाटतं. दाढ किडलेली नाही ना, हे एकदा पाहावं आणि मग भाकरीचा कडक पापुद्रा, गाजराचे लांब तुकडे, खारीक असं काही चावायला द्यावं. ते मूल समोर बसून, आपल्या देखरेखीखाली खाईल एवढी काळजी घ्यावी.

पण माती, भिंतीचा चुना, पाटीवरची पेन्सिल, खडू, राख, कागद असं काही मूल महिनाभर किंवा जास्त काळ खरोखर गिळत असेल, तर गोष्ट वेगळी. वैद्यकीय भाषेत याला पायका म्हणतात. त्याचा लोहाच्या कमतरतेशी जवळचा संबंध आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ दरम्यान, सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांमध्ये रक्तक्षयाचं प्रमाण देशात ६७.१ टक्के आणि महाराष्ट्रात ६८.९ टक्के आढळलं. तीनातली दोन मुलं. अशा राज्यात माती खाणाऱ्या मुलाचं हिमोग्लोबिन न तपासता त्याच्या हातावर चटके देणं किंवा जिभेला मिरची लावणं हा निव्वळ क्रूरपणा आहे. लोह कमी असलेलं मूल चिडचिडं असतं, त्याचं लक्ष टिकत नाही, रात्री त्याचे पाय वळवळतात आणि झोप मोडते. दिवसा तेच मूल 'अतिचंचल' ठरतं.

माती खाण्यातून जंत होतात, जंतांमुळे रक्त आणखी घटतं. एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांना जंतनाशक गोळी राष्ट्रीय जंतनाशक दिनाच्या मोहिमेत फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये अंगणवाडीत मोफत मिळते. लोहाचं सिरपही पाच वर्षांखालच्या मुलांना आठवड्यातून दोनदा देण्याची सरकारी योजना आहे, ते आशाताई किंवा एएनएमकडे मागावं. जेवणाबरोबर चहा देणं बंद करावं, त्याने अन्नातलं लोह अंगी लागत नाही. आणखी एक धोका शिशाचा. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नको, हा नियम २०१६ चा आणि तो अमलात आला २०१७ च्या नोव्हेंबरपासून. त्याआधी रंगवलेल्या खिडक्या, ग्रिल, पाळणे आपल्या घरांत अजून आहेत. त्यांचे पोपडे मूल खात असेल, किंवा घराजवळ जुन्या बॅटऱ्या फोडण्याचं काम चालत असेल, तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं. शिसं मेंदूच्या वाढीला थेट मारक आहे.

किती उड्या मारतो, हा प्रश्नच नाही

पालक आम्हाला बहुधा हेच विचारतात : "किती झालं म्हणजे जास्त?" मोजमापाची अशी पट्टी नाही. आमच्या मते पाहायच्या गोष्टी दोन आहेत. या वागण्यामुळे मुलाचं काय अडतंय? आणि या वागण्याच्या जोडीला काय दिसत नाही?

अडणं म्हणजे रोजच्या जगण्यातलं अडणं. चार घास खाईपर्यंत बसता येत नाही, झोप लागायला दोन तास जातात, खेळात कुणी घेत नाही कारण हा सगळ्यांना ढकलतो, अंघोळ-कपडे-केस म्हणजे रोजचं युद्ध. मूल जोरात खेळतं पण हाक मारल्यावर थांबतं, गोष्ट ऐकायला येऊन बसतं, तर फार घाबरू नये. ते थांबूच शकत नसेल, कुठल्याच दुसऱ्या गोष्टीत रमत नसेल, घरी, अंगणवाडीत, मामाच्या गावाला सगळीकडे तसंच असेल, आणि हे महिनोन् महिने चाललं असेल, तर दाखवावं.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र महिने मोजायचे नाहीत. उंचावरून उडी मारताना, गाड्यांच्या रस्त्यावर धावताना वयाला शोभेल एवढीही भीती नसणं, खरचटून रक्त आलं तरी न रडणं, गरम तव्याला हात लागूनही हात मागे न घेणं, डोकं इतकं आपटणं की टेंगूळ किंवा जखम होते, स्वतःला चावणं, ही लगेच दाखवण्याची कारणं. लहान बाळं झोपेच्या वेळी तालात डोकं आपटतात, बहुतेकांचं ते तीन-चार वर्षांपर्यंत आपोआप जातं. जखम होत असेल तर ते या हिशोबात धरू नये.

आता दुसरा प्रश्न, काय दिसत नाही. गिरक्या घेणारं मूल मध्येच थांबून तुमच्याकडे बघून हसतं का? 'बघ, आई, बघ' असं डोळ्यांनी तरी म्हणतं का? विमान दिसलं की बोट दाखवून तुमच्याकडे वळून पाहतं का? नावाने हाक मारली की वळतं का? खोट्या कपातून चहा पाजतं का, बाहुलीला झोपवतं का? हे सगळं असेल आणि वर भरपूर उड्याही असतील, तर ते बहुधा एक दांडगं, जिवंत मूल आहे. हे नसेल आणि ते एकट्यानेच पंख्याकडे, गाडीच्या चाकाकडे, बोटांच्या हालचालीकडे तासन् तास बघत असेल, तर विकासाची तपासणी हवीच. बारा महिन्यांपर्यंत बडबड किंवा बोट दाखवणं नाही, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून स्वतःहून बोलणं नाही, या जगभर मानल्या गेलेल्या खुणा आहेत. "याचा बापही उशिरा बोलला" या वाक्याने त्या रद्द होत नाहीत. आणि बोलायला लागलेलं मूल बोलणं विसरू लागलं, हसणं-खेळणं सोडू लागलं, तर वय कुठलंही असो, एक दिवसही थांबू नये.

अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेची पाचवी आवृत्ती २०१३ मध्ये आली. संवेदनांना जास्त किंवा कमी प्रतिसाद देणं हे तिने ऑटिझमच्या लक्षणांमध्ये धरलं. पण ते अनेकांपैकी एक लक्षण आहे. त्याच्या जोडीला संवादातली आणि नात्यांतली अडचण असल्याशिवाय ऑटिझमचं निदान होत नाही. नुसत्या गिरक्यांवरून ऑटिझम ठरवणारा शेजारी असो की क्लिनिकवाला, दोघांपासून सावध राहावं. चंचलतेच्या विकाराचं, म्हणजे एडीएचडीचं, निदानही चार वर्षांच्या आत करणं अवघड असतं. इतक्या लहान वयात पहिला उपाय गोळ्यांचा नसतो, पालकांना मुलाशी वागण्याचं प्रशिक्षण देण्याचा असतो.

काही वेळा कारण अगदीच वेगळं निघतं. टीव्हीला कान लावून बसणाऱ्या मुलाला ऐकू कमी येत असतं. सतत बोटांनी डोळे दाबणाऱ्या, दिव्याकडे तिरकं बघणाऱ्या मुलाची दृष्टी अधू असू शकते. कान ओढणं, डोकं आपटणं अचानक सुरू झालं तर कानात पू असू शकतो. मध्येच शून्यात बघत राहणं, हाकेला काही सेकंद अजिबात दाद न देणं, हे फिट्सचं रूप असू शकतं. मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवावा. म्हणून थेरपीचा पत्ता शोधण्याआधी बालरोगतज्ज्ञ, कानांची तपासणी, डोळ्यांची तपासणी आणि रक्ततपासणी, हा क्रम ठेवावा.

'बाहेरचं' नाही, आणि आईचंही नाही

धम्म स्वीकारून पिढ्या झाल्या तरी काही घरांत मूल एकसारखं गिरक्या घेऊ लागलं की दृष्ट काढली जाते, कुणी दर्ग्यात, कुणी मांत्रिकाकडे नेतं. आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे. धुरी देणं, चटके देणं, साखळीने बांधणं हे उपचार नव्हेत, गुन्हे आहेत. हे कार्यकर्त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगावं, पण आईला आरोपी करून सांगू नये. ती तिथे का जाते, हेही पाहावं. दवाखान्यात तिला दोन मिनिटं मिळतात, तिथे तिचं म्हणणं कुणी तासभर ऐकून घेतं.

शाळेचा अनुभव याहून कडू असतो. मध्यमवर्गीय घरातलं मूल वर्गात बसत नसेल तर 'समुपदेशकाला भेटा' असा सल्ला मिळतो. आपल्या वस्तीतलं मूल तेच करतं तेव्हा 'या लोकांच्या घरात शिस्तच नसते' असं म्हटलं जातं आणि त्याला मागच्या बाकावर किंवा वर्गाबाहेर बसवलं जातं. तेच वागणं, पण एकाला तपासणी आणि दुसऱ्याला शिक्का. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ नुसार सरकारी, अनुदानित आणि मान्यताप्राप्त शाळांनी दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आहे. पहिलीत जाण्याआधीच मुलाच्या अडचणीची नोंद कागदावर आलेली असेल, तर या तरतुदी वापरता येतात. नोंद नसेल तर शाळेपुढे फक्त 'वाह्यात पोरगं' उभं असतं.

दार कुठे आहे

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. जन्मतः असलेले दोष, कमतरता, आजार आणि विकासातला विलंब या चार गोष्टींसाठी जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात होते. डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता असं फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा यायला हवं. पथकाला शंका आली की ते मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं. हे केंद्र बहुधा जिल्हा रुग्णालयाच्या आवारात असतं. तिथे बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, वाचा-श्रवण तज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट एकाच छताखाली असावेत, अशी रचना आहे आणि सेवा मोफत आहे. प्रत्यक्षात पदं रिकामी असतात, तारखा लांबच्या मिळतात. तरीही नाव नोंदवून कागद हातात घ्यावा. रिकाम्या पदांविरुद्ध भांडायलाही तो कागदच लागतो. मुंबई परिसरात हाजीअलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आणि ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठी वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था, या दोन केंद्र सरकारच्या जागा आहेत.

ऑटिझमचं निदान झालंच, तर युडीआयडी म्हणजे दिव्यांग ओळखपत्र काढता येतं. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुदिव्यांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' ही एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. थेरपीचा खर्चही तीत काही प्रमाणात मिळतो. नुसत्या संवेदना शोधण्याच्या सवयीला मात्र प्रमाणपत्र मिळत नाही, कारण ते स्वतंत्र निदान नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१२ मध्ये डॉक्टरांना हेच सांगितलं होतं : 'सेन्सरी प्रोसेसिंग डिसऑर्डर' हे निदान लिहून मोकळे होऊ नका, मागे दुसरं काही आहे का ते शोधा.

हे सांगण्याचं कारण थेरपीचा बाजार. शहरांत 'सेन्सरी' नावाच्या खोल्या उघडल्या आहेत, त्यांत झोके, चेंडू, रंगीत दिवे असतात आणि पालक कर्ज काढून, मंगळसूत्र गहाण ठेवून तिथे जातात. ऑक्युपेशनल थेरपिस्ट चांगला असेल तर खूप मदत करतो, यात शंका नाही. पण सेन्सरी इंटिग्रेशन थेरपीचे पुरावे संमिश्र आहेत. ब्रिटनमध्ये ऑटिझम असलेल्या मुलांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत नेहमीच्या सेवेपेक्षा तिचा वेगळा फायदा दिसला नाही. म्हणून थेरपिस्टला सरळ विचारावं : तीन महिन्यांत माझ्या मुलाच्या रोजच्या जगण्यात नेमकं काय बदलेल? ताटावर दहा मिनिटं बसेल, की स्वतः शर्ट घालेल? घरी आम्ही काय करायचं? 'मेंदूची वायरिंग बदलेल' असं मोघम उत्तर आलं आणि पालकांना खोलीबाहेर बसवलं, तर दुसरं ठिकाण शोधावं. ऑटिझमसाठी स्टेम सेलचे इंजेक्शन विकणाऱ्यांच्या दारात तर उभंही राहू नये. या उपचाराची शिफारस करता येत नाही, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने २०२२ मध्येच म्हटलं आहे.

मुलाला जे हवंय ते द्या, पण रीतसर

संवेदना शोधणाऱ्या मुलाला नुसतं 'नको करू' म्हणून ते थांबत नाही. भूक लागलेल्याला 'भूक लावून घेऊ नको' म्हणण्यासारखं ते आहे. त्याला स्नायूंचं काम द्यावं. पाण्याची छोटी बादली उचलून आणणं, कणीक मळणं, गोधडी ओढत नेणं, उशांचा ढीग ढकलणं, भिंतीला दोन्ही हातांनी रेटणं, जिना चढणं. कामाआधी आणि जेवणाआधी दहा मिनिटं असं केलं, तर पुढचं बसणं सोपं जातं. साडीची झोळी, अंगाला तेल लावून दाबून केलेली मालिश, बेडूकउड्या, फुगडी, आट्यापाट्या, हे सगळं तेच काम करतं आणि त्याला पैसे पडत नाहीत. एक मात्र लक्षात ठेवावं. गिरक्यांनी काही मुलं शांत होण्याऐवजी आणखी बेभान होतात. अशांना गिरक्यांपेक्षा ओढण्या-ढकलण्याचं काम द्यावं.

विहारातल्या बालवर्गाबद्दलही बोलायला हवं. चार वर्षांच्या मुलाला वंदना संपेपर्यंत मांडी घालून, डोळे मिटून बसवण्याचा हट्ट आम्हाला पटत नाही. विपश्यना परंपरेतली बालआनापान शिबिरंसुद्धा साधारण आठ वर्षांपुढच्या मुलांसाठी असतात. लहानग्यांना फुलं आणायला, चटया अंथरायला, मेणबत्त्यांचं ताट धरून उभं राहायला द्यावं. मेणबत्त्या अर्थात न पेटवलेल्या. आणि १४ एप्रिलला डीजेच्या भिंतीसमोर कान झाकून किंचाळणारं मूल हट्टी नसतं, त्याला तो आवाज खरंच सहन होत नसतो. बापाच्या खांद्यावर बसवून त्याला पुढे नेऊ नये. मिरवणुकीच्या मागे, जिथे आवाज कमी आहे, तिथे त्याच्यासाठी आणि त्याच्या आईसाठी चार खुर्च्या टाकल्या, तर तीही जयंतीच असते.

तपासणीला जाण्याआधी आठवडाभर एका वहीत टिपून ठेवावं : मूल काय करतं, दिवसातून कितीदा, कशानंतर सुरू होतं, कशाने थांबतं, झोप किती, खाणं काय, शब्द किती. सोबत एक-दोन मिनिटांचे तीन-चार व्हिडिओ. रुग्णालयात मूल अनोळखी जागेत गप्प बसतं आणि डॉक्टर म्हणतात, "हा तर शांत आहे." तेव्हा वही आणि व्हिडिओ कामाला येतात. आईला लिहिणं जमत नसेल तर वस्तीतल्या कुणी कॉलेजच्या मुलीने रोज संध्याकाळी पाच मिनिटं बसून तिच्या तोंडून ऐकून लिहावं. पथक पुढच्या वेळी कधी येणार, ही तारीख अंगणवाडी सेविकेला विचारून विहाराच्या फळ्यावर लावावी. तारीख उलटून गेली आणि पथक आलंच नाही, तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना पंधरा-वीस पालकांच्या सह्यांचं पत्र द्यावं.